क्वार्क-तारा आणि सुधारित गुरुत्वसिद्धांत

अतिघन ताऱ्यांच्या अभ्यासात दोन भिन्न शास्त्रांची गाठ पडते. ताऱ्याच्या गर्भात द्रव्य कोणत्या स्वरूपात असते हा मूलकणशास्त्राचा प्रश्न होय. ते द्रव्य स्वतःच्या भाराखाली कसे तोलले जाते हा गुरुत्वशास्त्राचा. निरीक्षकाच्या हाती मात्र या दोहोंचा एकत्रित परिणामच येतो : ताऱ्याचे वस्तुमान आणि, अनुकूल परिस्थितीत, त्याची त्रिज्या. एखादा तारा अपेक्षेपेक्षा जड आढळला तर दोष द्रव्याच्या आपल्या कल्पनेत आहे की गुरुत्वाच्या नियमात आहे, हे कसे ठरवावे? गेल्या काही वर्षांत क्वार्क-ताऱ्यांची जी गणिती प्रतिरूपे सुधारित गुरुत्वसिद्धांतांच्या चौकटीत मांडली गेली, त्या सर्वांपुढे हा प्रश्न उभा आहे. प्रस्तुत लेखात क्वार्क-द्रव्याचे सर्वांत साधे प्रतिरूप घेऊन या प्रश्नाचा विचार करावयाचा आहे.

पूर्वपीठिका

न्यूट्रॉनचा शोध चॅडविक यांनी १९३२ मध्ये लावला आणि १९३४ मध्ये बाडे व झ्विकी यांनी न्यूट्रॉन ताऱ्याची कल्पना प्रसिद्ध केली. १९३९ मध्ये ओपेनहायमर व वोल्कॉफ यांनी, टोलमन यांच्या कार्याच्या आधारे, व्यापक सापेक्षतावादानुसार अशा ताऱ्याच्या समतोलाचे समीकरण सोडविले. आज ते टोलमन-ओपेनहायमर-वोल्कॉफ समीकरण म्हणून ओळखले जाते. न्यूट्रॉन परस्परांवर कोणतेही बल लावीत नाहीत असे धरून त्यांना सुमारे ०.७ सौरवस्तुमान ही कमाल मर्यादा मिळाली. हे गृहीत खरे नाही, हे पुढील निरीक्षणांनी स्पष्ट केले. येथेच एक धडा मिळतो. निरीक्षण आणि गणित यांतील तफावत त्या वेळी द्रव्याविषयीचे गृहीत सुधारून मिटली; गुरुत्वाच्या नियमाला हात लावावा लागला नाही.

क्वार्कची कल्पना गेल-मान व झ्वाइग यांनी १९६४ मध्ये मांडली, आणि क्वार्कमय गर्भ असलेल्या ताऱ्याचा विचार इव्हानेन्को व कुर्डगेलाइड्झे यांनी पुढच्याच वर्षी केला. १९७१ मध्ये बोडमर यांनी व १९८४ मध्ये विटेन यांनी याहून धाडसी तर्क मांडला. अप, डाऊन व स्ट्रेंज या तीन प्रकारच्या क्वार्कांचे मिश्रण हेच द्रव्याचे खरेखुरे स्थिर रूप असावे, असा तो तर्क. लोहाच्या अणुकेंद्रात प्रत्येक कणामागे सुमारे ९३० दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जा असते. क्वार्क-मिश्रणाची ऊर्जा याहून कमी भरली, तर संपूर्ण ताराच्या तारा, पृष्ठभागापर्यंत, क्वार्कांचा असणे शक्य होते.

पिशवी-प्रतिरूप

क्वार्क एकएकटे मोकळे सापडत नाहीत. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमधील शास्त्रज्ञांनी १९७४ मध्ये याचे एक साधे चित्र रेखाटले. क्वार्क जणू एका पिशवीत मुक्तपणे वावरतात आणि बाहेरील निर्वात त्या पिशवीवर चहूबाजूंनी ठराविक दाब देते. हा दाब म्हणजेच पिशवी-स्थिरांक. तो 'ब' या अक्षराने, ऊर्जाघनता 'घ' ने आणि दाब 'द' ने दर्शवू. क्वार्कांचे वस्तुमान नगण्य मानल्यास अवस्था-समीकरण असे येते :

घ = ३द + ४ब

ऊर्जेचे एकक म्हणून प्रत्येक घन फर्मीस एक दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्ट घेऊ. त्या मापाने 'ब' चे मूल्य सुमारे ५७ हून कमी असू शकत नाही. असते तर साधी अणुकेंद्रेच दोन प्रकारच्या क्वार्कांत विरघळून गेली असती. ते सुमारे ९२ हून अधिकही असू शकत नाही. असल्यास विटेन यांचा तर्कच कोसळतो. म्हणजे 'ब' ला मोकळीक आहे ती एवढ्या अरुंद पट्ट्यातच.

या समीकरणाची दोन लक्षणे ध्यानात ठेवण्याजोगी आहेत. पहिले, दाब शून्य झाला तरी घनता ४ब इतकी उरते. ब = ६० धरल्यास ही घनता दर घन सेंटिमीटरला सुमारे ४ × १०<sup>१४</sup> ग्रॅम भरते; म्हणजे अशा ताऱ्याला विरळ होत जाणारे कवच नसते, त्याची कडा धारदार असते. दुसरे, घ − ३द ही राशी ताऱ्यात सर्वत्र एकच, म्हणजे ४ब, राहते. या दुसऱ्या लक्षणाचा उपयोग पुढे दोनदा होणार आहे.

व्यापक सापेक्षतावादात या ताऱ्याचे कमाल वस्तुमान 'ब' च्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात बदलते. ब = ६० असता ते सुमारे १.९६ सौरवस्तुमान व त्रिज्या सुमारे १०.७ किलोमीटर येते. ब = ९० असता वस्तुमान १.६० पर्यंत उतरते, आणि ५७ या खालच्या टोकाला ते २.०१ च्या आसपास थांबते.

आता निरीक्षणे पाहू. २०१० मध्ये एका स्पंदताऱ्याचे वस्तुमान १.९७ सौरवस्तुमान असल्याचे आढळले, २०१३ मध्ये दुसऱ्याचे २.०१, आणि जे०७४०+६६२० या स्पंदताऱ्याचे २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेले मूल्य २.०८, अधिक-उणे ०.०७, असे आहे. साधे पिशवी-प्रतिरूप येथवर जेमतेम पोचते. १४ ऑगस्ट २०१९ रोजी नोंदलेल्या गुरुत्वतरंगांतील लहान घटकाचे वस्तुमान तर सुमारे २.५९ सौरवस्तुमान निघाले. तो घटक कृष्णविवर होता की तारा, हे ठरलेले नाही. पण तो तारा असल्यास साध्या प्रतिरूपाच्या तो सर्वस्वी आवाक्याबाहेर आहे.

येथे वाट दुभंगते. काहींनी क्वार्कांमधील परस्परक्रिया व त्यांच्या जोड्या जुळण्याची शक्यता विचारात घेऊन अवस्था-समीकरण अधिक ताठर केले. इतरांनी द्रव्य तसेच ठेवून आइन्स्टाइन यांची समीकरणे बदलली. या दुसऱ्या वाटेची दोन उदाहरणे तपासू.

पहिले उदाहरण : वक्रतेचा वर्ग

आइन्स्टाइन यांच्या सिद्धांतात क्रियाफल अदिश वक्रतेच्या प्रथम घातावर अवलंबून असते. बुखडाल यांनी १९७० मध्ये तेथे वक्रतेचे कोणतेही फल घेण्याचा विचार मांडला. त्यांपैकी सर्वांत परिचित रूप म्हणजे वक्रता अधिक तिच्या वर्गाची 'अ' पट. हे रूप स्टारोबिन्स्की यांनी १९८० मध्ये विश्वाच्या आरंभकाळासाठी वापरले. अस्ताशेनोक, कापोत्सिएल्लो व ओदिन्त्सोव्ह यांनी २०१५ मध्ये क्वार्क-ताऱ्याची प्रतिरूपे याच प्रकारच्या सिद्धांतात मांडली.

मूळ सिद्धांतात अदिश वक्रता घ − ३द या राशीच्या प्रमाणात असते. त्यामुळे पिशवी-प्रतिरूपातील ताऱ्यात ती सर्वत्र सारखी राहते आणि कडेवर एकदम शून्य होते. सुधारित सिद्धांतात अशी उडी संभवत नाही. तेथे वक्रता हे स्वतंत्र तरंगसमीकरण पाळणारे क्षेत्र बनते. ते कडेबाहेरही पसरते व ६अ च्या वर्गमुळाइतक्या अंतराच्या मापाने विरत जाते. परिणामी ताऱ्याभोवती वक्रतेचे एक वलय राहते आणि त्याचाही भार दूरच्या निरीक्षकाला जाणवतो. ताऱ्याच्या कडेशी मोजलेले वस्तुमान आणि दुरून मोजलेले वस्तुमान येथे एक नव्हे. ही संकल्पना मनोवेधक आहे यात शंका नाही.

परंतु परिमाणाचा विचार केल्यावाचून पुढे जाता येत नाही. ब = ६० असता मूळ सिद्धांतानुसार ताऱ्यातील अदिश वक्रता दर चौरस किलोमीटरला सुमारे ०.००८ येते. तेव्हा वर्गपदाचा प्रभाव जाणवण्यास 'अ' चे मूल्य कित्येक चौरस किलोमीटर असावे लागते. याच सिद्धांतानुसार न्यूटनच्या आकर्षणात एकतृतीयांश प्रबलतेची, त्याच अंतराच्या मापाने विरणारी भर पडते. प्रयोगशाळेतील पीळतराजूंच्या प्रयोगांत मिलिमीटरच्या सुमारे दशांशापर्यंत अशी भर आढळलेली नाही. 'अ' हा खरोखर विश्वव्यापी स्थिरांक असेल, तर ताऱ्यातील दुरुस्ती १०<sup>१७</sup> भागांत एखाद्या भागाइतकीच उरते. म्हणून चौरस किलोमीटरांच्या मापातील 'अ' घेणाऱ्याने, ते मूल्य ताऱ्यात लागू का आणि प्रयोगशाळेत लागू का नाही, याचे उत्तर दिले पाहिजे. ते दिल्याखेरीज काढलेला वस्तुमान-त्रिज्या आलेख हा गणिताचा नमुना ठरेल, निसर्गाविषयीचे विधान ठरणार नाही.

दुसरे उदाहरण : द्रव्याशी जोडलेली भूमिती

हार्को, लोबो, नोजिरी व ओदिन्त्सोव्ह यांनी २०११ मध्ये क्रियाफलात वक्रतेबरोबर ऊर्जा-संवेग प्रदिशाच्या मागोव्याचाही, म्हणजे त्याच्या कर्णघटकांच्या बेरजेचाही, समावेश केला. मागोव्याचे पद एकघाती घेतल्यास व द्रव्याचे लग्रांज-फल दाबाइतके धरल्यास सिद्धांत पुष्कळ सोपा होतो. जोडणीचा स्थिरांक भागिले पाय या संख्येला 'क्ष' म्हणू. क्षेत्रसमीकरणांची मांडणी बदलून घेतली असता ती आइन्स्टाइन यांच्या समीकरणांसारखीच दिसतात; फरक इतकाच की घ व द यांच्या जागी पुढील परिणामी राशी येतात :

घ′ = घ + क्ष(३घ − द)/८

द′ = द − क्ष(घ − ३द)/८

आता घ − ३द = ४ब हे लक्षण वापरू. दुसऱ्या समीकरणावरून द′ = द − क्षब/२, आणि पहिल्यावरून घ′ = घ + क्ष(द + ३ब/२). यांतून द काढून टाकला असता

घ′ = (३ + क्ष)द′ + ½ब(क्ष + २)(क्ष + ४)

हे समीकरण मिळते. क्ष = ० घातल्यास मूळ पिशवी-समीकरण परत येते, हे वाचकाने स्वतः पडताळून पाहावे.

या निष्पत्तीचा अर्थ नीट समजून घेतला पाहिजे. घ′ व द′ या राशी टोलमन-ओपेनहायमर-वोल्कॉफ समीकरण जसेच्या तसे पाळतात. म्हणजे, जिला आपण सुधारित गुरुत्वातील क्वार्क-तारा म्हटले, ती वस्तू बाहेरून पाहता व्यापक सापेक्षतावादातील, पण किंचित निराळ्या एकघाती अवस्था-समीकरणाच्या, ताऱ्याहून वेगळी नाही. उदाहरणार्थ, क्ष = −०.२ व ब = ६० घेऊ. कडेवरील परिणामी घनता ४ब ऐवजी ३.४२ब होते, केवळ या एका कारणाने कमाल वस्तुमान १.९६ वरून २.१२ वर जाते. शिवाय दाबाची घनतेबरोबर होणारी वाढ १/३ ऐवजी १/२.८ या दराने होत असल्याने द्रव्य अधिक ताठर ठरते व वस्तुमान आणखी थोडे वाढते. निरीक्षणाशी मेळ बसला. परंतु नेमका हाच मेळ क्वार्कांच्या परस्परक्रियेमुळे ताठर झालेले द्रव्य घेऊनही बसविता आला असता. वस्तुमान, त्रिज्या किंवा भरती-विरूपण यांपैकी कोणत्याही मापनाने या दोन स्पष्टीकरणांत निवड करता येणार नाही, कारण दोहोंत अवकाश-कालाची भूमिती एकच आहे.

आणखी एक सूक्ष्म अडचण आहे. ताऱ्याची कडा कोठे मानावी? द्रव्याचा दाब शून्य होतो तेथे ती मानण्याचा प्रघात आहे. तथापि बाहेरच्या श्वार्झशिल्ट भूमितीशी सांधा जुळण्यासाठी द′ शून्य व्हावयास पाहिजे. या दोन राशींत क्षब/२ इतका अंतराय कायम राहतो. दोन्ही अटी एकाच ठिकाणी पाळता येत नाहीत. वरील उदाहरणात द′ शून्य असलेल्या जागी द्रव्याचा दाब उणे ६ एकक, म्हणजे ताणच, येतो. प्रतिरूप मांडणाऱ्याने यांपैकी कोणती अट का स्वीकारली, हे स्पष्ट लिहिणे आवश्यक आहे.

निवड कशी करावी?

यावरून सुधारित गुरुत्वाचा अभ्यास निष्फळ आहे असा निष्कर्ष काढणे मात्र चुकीचे होईल. पहिल्या उदाहरणात ताऱ्याबाहेरची भूमितीच बदलते. तेथे निवडीला वाव आहे. यागी व युनेस यांनी २०१३ मध्ये दाखविले की व्यापक सापेक्षतावादात ताऱ्याचे जडत्व-आघूर्ण, भरती-विरूपण व चतुर्ध्रुव-आघूर्ण यांच्यातील परस्परसंबंध अवस्था-समीकरणावर जवळजवळ अवलंबून नसतात. द्रव्याविषयीचे अज्ञान असे बाजूला सारले गेले म्हणजे उरलेली तफावत गुरुत्वाच्या खाती टाकता येते. त्यासाठी एकाच प्रकारच्या ताऱ्यांविषयी किमान दोन स्वतंत्र राशी मोजल्या जावयास पाहिजेत. भरती-विरूपणाचे मापन गुरुत्वतरंगांतून होते. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ उभारावयाच्या ज्या वेधशाळेस २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाची मान्यता मिळाली, तिचे महत्त्व या दृष्टीनेही आहे.

सारांश, या क्षेत्रात काम करू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्याने कोणतेही नवे प्रतिरूप हाती घेताना तीन प्रश्न विचारावेत. सुधारित समीकरणे मूळ समीकरणांचेच वेषांतर तर नाहीत ना? घेतलेला स्थिरांक प्रयोगशाळेतील व सूर्यमालेतील मर्यादांशी सुसंगत आहे काय? आणि ताऱ्याच्या कडेवरील अटी त्या सिद्धांताच्याच नियमांनी ठरविल्या आहेत काय? जड ताऱ्याचे वस्तुमान साधणे हे यानंतरचे काम. एक स्थिरांक मोकळा ठेवला की ते बहुधा साधतेच. आणि म्हणूनच ते साधले, एवढ्यावरून गुरुत्वाचा नियम बदलला असे म्हणता येत नाही.