शबल गेला त्या वैशाखांत

घरांत माणूस गेलें म्हणजे पुढें काय करावयाचें हें आपणांस कोणी शिकवावें लागत नाहीं. सुतक किती दिवसांचें, पिठलें-भात कोणाकडून यावयाचा, भेटीस कोणत्या वारीं यावयाचें नाहीं, हें सर्व पूर्वींच ठरलेलें असतें. आणि शोकानें बधिर झालेल्या मनाला त्या ठरलेपणाचा आधारहि होतो. परंतु घरांतला कुत्रा गेला तर? त्याला सुतक नाहीं, दहावा नाहीं, तेरावा नाहीं. सकाळीं तो जातो, आणि दुपारीं चार वाजतां नेहमीप्रमाणें चहा होतो. रडावयाचें तर कोणाच्या देखत, आणि किती दिवस? साठी उलटलेल्या, जन्मभर मुलांना शब्दरूपें घोकावयास लावणाऱ्या मास्तरानें कुत्र्यासाठीं डोळे पुसावे हें आमच्या अमरावतीच्या गल्लींत कोणास रुचलें असतें, असें मला वाटत नाहीं.

गेल्या वैशाखांत हा प्रसंग आमच्या घरावर आला, आणि त्यांत दोष माझा होता. तो आधीं सांगून टाकतों.

शबल हें नांव मींच ठेविलेलें. तेरा वर्षांपूर्वीं अकोल्याहून, माझ्या धाकट्या भावाच्या घरून, तो टोपलींतून आला तेव्हां अंगावर काळे-पांढरे ठिपके होते. मी कुत्रें पाळण्याच्या विरुद्ध होतों. घरांत देवघर, सोवळें, आणि माझी आई तेव्हां हयात. परंतु मुलांपुढें माझें चाललें नाहीं, तेव्हां निदान नांव तरी बरें असावें म्हणून यमाच्या दोन कुत्र्यांपैकीं एकाचें नांव मीं सुचविलें. आठ दिवसांत त्याचा ‘शब्या’ झाला. आईनें त्याला स्वयंपाकघराच्या उंबरठ्याची सीमा घालून दिली होती. ती आई गेल्यावरहि त्यानें कधीं ओलांडली नाहीं. माझा नातू त्याच्यानंतर तीन वर्षांनीं जन्मला. म्हणजे त्या मुलानें शबलाशिवाय घर कसें असतें हें पाहिलेंच नव्हतें.

पुतण्याची मुंज होती. अकोल्याची, मूर्तिजापूरची मंडळी मिळून शंभर पान उठावयाचें. पाहुण्यांत कोणी कुत्र्याला भितात म्हणून सकाळीं दहा वाजतां मीं त्याला मागच्या अंगणांत शेवग्याखालीं बांधलें आणि पाण्याचें भांडें जवळ ठेविलें. त्या वेळीं तेथें सांवली होती. सांवली सरकते हें मीं किती मुलांना भूगोलाच्या तासाला सांगितलें असेल! एक वाजतां तेथें ऊन आलें, भांडें साखळीनें कलंडलें, आणि मी पंक्तींत जिलबीचा आग्रह करीत होतों. तीन वाजतां नातवाला तो दिसला. संध्याकाळीं पशुवैद्य आले, सलाईन लागलें. तिसऱ्या दिवशीं पहांटे तो गेला. नातू मला एवढेंच म्हणाला, “आजोबा, तुम्हीं बांधलें होतें.” त्यानंतर जवळजवळ महिनाभर तो माझ्याशीं कामापुरतें बोलला.

ज्यांच्या घरीं कुत्रा आहे त्यांच्यासाठीं मला मागाहून कळलेल्या दोन गोष्टी येथें लिहितों. कुत्र्याला आपल्यासारखा सर्वांगाला घाम येत नाहीं; तो येतो पंजांच्या तळव्यांना. अंगांतली उष्णता बाहेर टाकण्याचें त्याचें मुख्य साधन म्हणजे धापा टाकणें. जिभेवरील ओलावा वाफ होऊन जातो आणि रक्त निवतें. बाहेरची हवाच ४५ अंशांची असली व पाणी संपलें, कीं तें साधन निकामी होतें. निरोगी कुत्र्याचें तपमान ३८ ते ३९ अंशांच्या आसपास असतें. तें ४१ च्या पुढें चढलें म्हणजे मूत्रपिंडापासून मेंदूपर्यंत सर्वांवर घाला येतो. अशा वेळीं त्याला सांवलींत आणून अंगावर गार पाणी ओतीत राहावें, पंख्याचा वारा द्यावा, आणि वाट न पाहतां वैद्याकडे न्यावें. ओल्या फडक्यांत गुंडाळून ठेवूं नये. फडकें लौकरच तापतें आणि उलट उष्णता कोंडली जाते. आम्हीं तें गुंडाळलें होतें.

मूर्तिजापूरजवळ भावाचें शेत आहे. तेथें धुऱ्यावरच्या कडुनिंबाखालीं त्याला पुरलें. वैशाखांतली आमची काळी जमीन म्हणजे वर दगड आणि मधें हात जाईल एवढ्या भेगा. दोन गड्यांना कुदळीनें खणावयास तास लागला.

समाचारास आलेल्या एका वृद्ध स्नेह्यांनीं मला जडभरताची आठवण करून दिली. राजर्षि भरत हरणाच्या पाडसाच्या मायेंत गुंतला, अंतकाळीं त्याचेंच चिंतन करीत मेला आणि मृगाच्या जन्माला गेला, ही भागवताच्या पांचव्या स्कंधांतील कथा. ती खोटी नाहीं, आणि मी ती वर्गांत रंगवून सांगत असें. पण त्या दिवशीं ती मला लागूं पडेना. भरताचा दोष अति माया करण्याचा. माझा दोष माया कमी पडल्याचा होता. शिवाय महाभारत काय सांगतें? आदिपर्वांत, जनमेजयाच्या सत्रांत, हविर्द्रव्याला तोंडहि न लावलेल्या सरमेच्या पिल्लाला राजाच्या भावांनीं मारिलें, म्हणून सरमेनें राजाला शाप दिला. आणि सतराव्या पर्वांत धर्मराजानें बरोबर आलेल्या कुत्र्यासाठीं स्वर्गाचा रथ नाकारला. एवढ्या मोठ्या ग्रंथाच्या दोन्ही टोकांना कुत्रा उभा आहे. गयेच्या पिंडदानांत पशुपक्ष्यांच्या योनींत गेलेल्यांसाठींहि पिंड सांगितला आहे, हें याज्ञिकांना ठाऊक असतें. आमच्या भागांत तर कारंजा हें नृसिंहसरस्वतींचें जन्मस्थान. १९९८ पर्यंत तें अकोला जिल्ह्यांत होतें, आतां वाशीम जिल्ह्यांत आहे. त्यामुळें घरोघर दत्ताची तसबीर आहे. आमच्याहि देवघरांत आहे. त्या तसबिरींतल्या चार कुत्र्यांना मी रोज फूल वाहत होतों, आणि पांचवा मीं उन्हांत बांधला.

हा शोक नव्या काळाचा लाड आहे असें म्हणणाऱ्यांनीं काश्मीरांतील बुर्झाहोम आठवावें. तेथें नवाश्मयुगीन माणसांच्या थडग्यांत कुत्रे पुरलेले सांपडले आहेत. जर्मनींत बॉनजवळ १९१४ मध्यें सुमारें १४,००० वर्षांपूर्वींचें थडगें निघालें. त्यांत एक पुरुष, एक स्त्री आणि एक लहान वयाचा कुत्रा आहे. तो कुत्रा आजारी होता आणि माणसांनीं शुश्रूषा केल्यावांचून तितके दिवस जगला नसता, असें त्याच्या दांतांवरून संशोधकांनीं ठरविलें. अमेरिकेंतील केनेथ डोका यांनीं १९८९ मध्यें, ज्या शोकाला समाज शोक म्हणूनच मान्यता देत नाहीं त्यावर एक ग्रंथ संपादिला. त्या विषयावर लिहिणारे पाळीव प्राण्याच्या मृत्यूचें उदाहरण आवर्जून देतात. त्यांचें म्हणणें असें कीं, असा शोक मोठा असतो म्हणून नव्हे, तर त्याला जागा मिळत नाहीं म्हणून मनांत कुजतो. हें मला पटलें. आमच्या घरांत ती जागा नव्हती.

ती मिळाली वडाळीच्या तलावावर. तेरा वर्षें पहांटे साडेपांचला शबल मला तेथें नेत असे. मी त्याला नेतों हा माझा समज होता. तो गेल्यावर चार दिवस मी घरींच बसलों. पांचव्या दिवशीं झोंप लागेना म्हणून निघालों, आणि कोपऱ्यावर गेल्यावर लक्षांत आलें कीं उजव्या हाताची मूठ साखळी धरल्यासारखी मिटलेली आहे.

निसर्गानें दुःख हलकें होतें असें लिहिण्याची पद्धत आहे. अमेरिकेंत रॉजर उलरिक यांनीं १९८४ मध्यें प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासांत, शस्त्रक्रिया झालेल्या रोग्यांपैकीं ज्यांच्या खिडकींतून झाडें दिसत ते, समोर विटांची भिंत असलेल्यांपेक्षां लौकर घरीं गेले व त्यांना वेदनाशामक औषधेंहि सौम्य पुरलीं, असें दाखविलें. असेल. रोगी सारे ४६ होते, आणि माझ्या दुखण्याला टांके नव्हते. मला पहिले आठ दिवस त्या तलावानें कांहींहि दिलें नाहीं. पाणी आटलेलें, कांठाला भेगाळलेला गाळ, बाभळींवर धूळ. बहावा तेवढा पिवळाधमक फुललेला, आणि त्याचा मला रागच आला. एक दिवस दगडावर बसलों असतां म्हशी घेऊन जाणारा गुराखी थांबला. तो आम्हां दोघांना ओळखत असे. “कुत्रं कुठी हाय जी, गुरुजी?” मीं सांगितलें. तो शेजारीं टेकला. “रडून घ्या जी,” तो म्हणाला, “जनावरासाठी रडाले कायची लाज? माही म्हैस गेली तवा म्या दोन दिवस भाकर नाई खाल्ली.” मग तो म्हशींमागें गेला, आणि मी रडलों. घरच्या कोणीं जें मला करूं दिलें नव्हतें, किंवा मींच करूं दिलें नव्हतें, तें त्या माणसानें दोन वाक्यांत करविलें.

ज्येष्ठ लागला तेव्हां टिटवी दिसली. पायवाटेच्या कडेच्या मुरमांत, जेथें शबल रोज हुंगत फिरे, तेथून ती ओरडत उठली. जवळ गेलों तर उघड्या जमिनींत नुसता खळगा, आणि त्यांत खड्यांच्याच रंगाचीं चार अंडीं. तेरा वर्षांत त्या जागीं टिटवीनें घर केलेलें मीं पाहिलें नव्हतें. कारण उघड होतें. तो नाहीं म्हणून ती तेथें आली होती. हें कळल्यावर मला बरें वाटलें कीं वाईट, हें आजहि सांगतां येत नाहीं.

दुसऱ्या दिवशीं मीं मुद्दाम उशीर केला. नऊ वाजतां ऊन चटके देऊं लागलें होतें. टिटवी उठली, तलावांत उरलेल्या डबक्यांत गेली, पोट पाण्यांत बुडवून बसली, आणि परत येऊन तें ओलें पोट तिनें अंड्यांवर टेकविलें. थोड्या वेळानें पुन्हां तसेंच. आमच्याकडच्या उन्हांत अंडीं उबविण्यापेक्षां निवविण्याचीच चिंता अधिक, आणि ती तिला कोणी शिकविलेली नव्हती. मी बराच वेळ पाहत राहिलों. मग घरीं येऊन नातवाला, तो अंथरुणावर पालथा पडून होता, एवढेंच सांगितलें कीं टिटवी पाण्यांत पोट भिजवून अंड्यांवर बसते. त्यानें विचारलें, “कशाला?” मीं म्हटलें, “ऊन लागूं नये म्हणून.” तो उठून बसला. आम्ही दोघेहि पुढें बोललों नाहीं. पण दुसऱ्या दिवशीं पांचाला तो चपला घालून दारांत उभा होता.

टिटवीचीं अंडीं सुमारें २८ दिवसांनीं फुटतात. त्यानें भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर खुणा केल्या. आम्ही दुरूनच पाहत असूं, कारण माणसाचा वास लागला कीं मुंगूस आणि भटके कुत्रे मागावर येतात असें त्यानें कोठेंसें वाचलें होतें. मृगाचा पहिला पाऊस पडून दोन दिवस झाले होते. त्या सकाळीं खळग्यांत तीनच कवचें होतीं आणि मुरमांत तीन लोंकरीचे गोळे पळत होते. चौथ्या अंड्याचें काय झालें तें समजलें नाहीं. वाटेंत मृगाचे तांबडे किडे निघाले होते. त्यांतला एक तळहातावर घेऊन नातू म्हणाला, “शब्या यांना घाबरायचा.” वैशाखानंतर त्यानें तें नांव पहिल्यांदा उच्चारलें.

भवभूति आमच्या विदर्भाचा. आपण पद्मपुरचे, हें त्यानेंच आपल्या नाटकांत सांगितलें आहे. त्याचें उत्तररामचरित मीं अनेक वर्षें शिकविलें. तिसऱ्या अंकाला मात्र मी बराच लांबट समजत असें. राम बारा वर्षांनीं पंचवटींत येतो. सीतेनें पल्लव भरवून वाढविलेलें हत्तीचें पिल्लूं आतां मोठा गज झालें आहे. तिनें टाळ्या वाजवून नाचविलेला मोर कदंबावर आहे. आणि वनदेवता वासंती एकेक दाखवीत जाते. हें सगळें रामाला दिलासा देण्याऐवजीं त्याला मूर्च्छित करतें. कवि एवढा निर्दय कां, असा प्रश्न एका विद्यार्थ्यानें विचारला होता, त्याला मीं पुस्तकी उत्तर दिलें होतें. त्याच अंकांत तमसा नदी शोकाला तुडुंब भरलेल्या तळ्याची उपमा देते. श्रावणांत वडाळीचा सांडवा वाहूं लागला तेव्हां मी व नातू छत्री घेऊन तेथें उभे होतों, आणि तो विद्यार्थी आतां कोठें असेल असें मनांत आलें.

दिवाळींत मेळघाटांत गेलों. १९७३-७४ च्या सुमारास देशांत जे पहिले नऊ व्याघ्रप्रकल्प झाले त्यांतला हा एक. वाघ आम्हांस दिसला नाहीं. वाटाड्यानें रानपिंगळ्याची गोष्ट सांगितली. हें लहानसें घुबड १८८४ नंतर कोणा संशोधकाला मिळेना, म्हणून नामशेष समजलें गेलें होतें; १९९७ मध्यें तें शहाद्याजवळ दिसलें आणि पुढें मेळघाटांतहि त्याचा वास असल्याचें कळलें. “११३ वर्षें कोणाला दिसला नाहीं, म्हणजे तेव्हां तो कोठें होता?” नातवानें विचारलें. “इथेच,” वाटाड्या म्हणाला.

एका कोरकू गांवाबाहेर झाडाखालीं लाकडाच्या कोरीव फळ्या रोंवलेल्या होत्या. त्यांवर सूर्य, चंद्र, घोडेस्वार. मृतांच्या स्मरणार्थ ते लोक त्या करवितात. नातू तेथें पुष्कळ वेळ थांबला. पावसानंतर काळी जमीन फुगून भेगा मिटतात; भावाच्या धुऱ्यावर शबलाची जागा नक्की कोणती हें पोळ्याला गेलों तेव्हां ओळखूं आलें नव्हतें, आणि त्याची त्याला खंत होती.

घरीं येऊन त्यानें जुन्या पाटाची एक फळी मागितली. ती त्याच्या पणजीच्या सोंवळ्यांतल्या पाटाची होती. मीं कोणाला न विचारतां दिली. वर सूर्य-चंद्र, खालीं घोड्याऐवजीं कुत्रा (तो थोडा गाईसारखा दिसतो), आणि तळाशीं ‘शब्या’. ‘शबल’ लिही असें मीं सुचवून पाहिलें, तें नामंजूर झालें. कापसाच्या वेचणीच्या दिवसांत आम्ही दोघांनीं ती कडुनिंबाखालीं रोंविली. भाऊ कळवितो कीं हल्लीं त्या फळीवर सकाळभर कोतवाल पक्षी बसून पऱ्हाटींतले किडे टिपतो, आणि त्याच्या विष्ठेनें नांवाचें पहिलें अक्षर पांढरें झालें आहे. तें धुण्यासाठीं येत्या रविवारीं मूर्तिजापूरला गेलेंच पाहिजे, असा नातवाचा आग्रह आहे.