मिग-२१चं मॉडेल करताय? आधी पोट बघा

तर मंडळी, मस्तगडला माझ्या टेबलावर सध्या मिग-२१ उभं राहतंय, १:७२ स्केलचं. खऱ्या विमानाचे पंख टोकापासून टोकापर्यंत ७.१५ मीटर, भागिले ७२, म्हणजे जेमतेम १० सेंटिमीटर. हे गणित सोपंय. डोकं लागतं ते व्हर्जनला!

१९७१च्या युद्धातलं आपलं मिग म्हणजे ‘एफएल’. नाशिकजवळ ओझरला बनायचं, तेच. त्याच्या आत तोफच नव्हती. २३ मिलिमीटरची जुळ्या नळ्यांची तोफ वेगळ्या पॉडमध्ये घालून पोटाखाली लावायचे. १२ डिसेंबरला कच्छच्या आखातावर पाकिस्तानी स्टारफायटर पाडलं, ते ह्याच तोफेनं. त्यामुळे किटमध्ये पॉड नसेल, तर उरलेलं प्लास्टिक घासून स्वतः बनवा. नळ्यांची भोकं? स्केलमध्ये ०.३ मिलिमीटर. मी सुईच्या टोकानं टोचली.