परक्या वेलीच्या पोटी

आंब्यावरचे बांडगूळ आणि कुंपणावर पसरणारी पिवळी अमरवेल ही दोन्ही परोपजीवी खरी. परंतु बांडगुळाला स्वतःची हिरवी पाने असतात, अमरवेलीला निदान डोळ्यांना दिसणारे खोड असते. सुमात्रा-बोर्निओच्या अरण्यांतील रॅफ्लेशियाने तेवढाही प्रपंच मांडलेला नाही. द्राक्षाच्या कुळातील टेट्रास्टिग्मा नामक रानवेलीच्या अंतर्भागात, मूळ, खोड, पान यांपैकी काहीच न धारण करता, निव्वळ पेशींच्या सूक्ष्म तंतूंच्या रूपाने ती राहते, आणि वरून वेल पाहणाऱ्याला तिचा मागमूसही लागत नाही. पुढे सालीवर गाठ उमटते, कित्येक महिन्यांत ती कोबीच्या गड्ड्याएवढी होते आणि अखेरीस उमलते.

१८१८ च्या मे महिन्यात, कंपनी सरकारच्या अमलाखालील, सुमात्रातील बेंकूलेनचे लेफ्टनंट गव्हर्नर सर स्टॅम्फर्ड रॅफल्स मुलुखाच्या दौऱ्यावर असता, त्यांच्या लवाजम्यातील डॉक्टर जोसेफ आर्नल्ड यांना एका मलायी चाकराने धावत येऊन असे एक फूल दाखविले. विटकरी रंगाच्या, पांढुरक्या ठिपक्यांच्या पाच जाड पाकळ्या, मधल्या कटोऱ्यात माश्यांचा थवा आणि मांस कुजल्याचा दर्प. व्यास पुरता एक यार्ड, वजन सुमारे पंधरा पौंड! आर्नल्ड त्याच वर्षी तापाने वारले. मात्र रॅफ्लेशिया आर्नल्डी या नावात साहेब आणि डॉक्टर दोघेही राहिले. चाकराचे नाव दप्तरी नाही.

परोपजीवी म्हणजे आयतोबा, अशी आपली समजूत असते. परंतु हा सौदा मला तरी महागाचा वाटतो. अरुणाचलातही आढळणाऱ्या सॅप्रिया या रॅफ्लेशियाच्या भगिनीची जनुके २०२१ साली तपासली तेव्हा, इतर सपुष्प वनस्पतींत सर्रास असणाऱ्या जनुकांपैकी सुमारे ४४ टक्के गहाळ झालेली, तर काही चक्क यजमान वेलींकडून आलेली आढळली. सूर्यप्रकाशावर अन्न शिजविण्याचे सामर्थ्य कायमचे गेलेले. त्यात रॅफ्लेशियाच्या बहुतेक जातींत नर व मादी फुले निरनिराळी, आयुष्य जेमतेम आठवड्याचे. तेवढ्या मुदतीत दोन्ही जवळपास उमलली आणि माशीने पराग पोचविला, तरच बी धरणार. यजमान वेल तुटली की आतला भाडेकरूही संपला.

बागेत बी पेरून हे फूल उगवून घेणे जवळजवळ अशक्यच. जावा बेटावरील बोगोरच्या वनस्पतिउद्यानात २०१० साली रॅफ्लेशिया पात्मा ही जात फुलली, तीही बाधित वेलीचे कलम निरोगी वेलीवर बांधून.