रूळ गेले, वाट राहिली

सायकलवरचा मुक्काम : लेखांक ५

मागच्या आठवड्यात सामान कसं लावायचं ते पाहिलं. जड वस्तू खाली, चाकाच्या दोन बाजूंना लटकणाऱ्या दोन्ही पिशव्यांमध्ये (पॅनियरमध्ये) सारखं वजन, कॅरियरवर फक्त तंबू. आता प्रश्न उरतो तो जायचं कुठे याचा. पहिल्यांदाच सामान लादून निघणाऱ्याला मी एकच उत्तर देतो : जिथून पूर्वी आगगाडी जायची आणि आता जात नाही, अशा वाटेवर जा. अमेरिकेत अशा वाटांना ‘रेल ट्रेल’ म्हणतात. बंद पडलेल्या मार्गावरचे रूळ आणि स्लीपर उचलायचे, खडी सारखी करायची, वर बारीक चुनखडीचा थर दाबून बसवायचा आणि ती पट्टी चालणाऱ्यांना आणि सायकलवाल्यांना मोकळी करून द्यायची. विस्कॉन्सिन राज्यातली एलरॉय-स्पार्टा ही अशा सुरुवातीच्या वाटांपैकी एक. ती १९६७ साली खुली झाली.

रेल्वेचीच वाट का, याचं उत्तर चाकात आहे. पोलादी चाक पोलादी रुळावर फार कमी घर्षणाने फिरतं. त्यामुळेच एक इंजिन शेकडो टन ओढू शकतं आणि त्याच कारणाने चढ आला की त्याची पकड सुटते. भोर घाटात कर्जत ते खंडाळा चढ ३७ला १ आहे, म्हणजे ३७ मीटर पुढे गेल्यावर १ मीटर वर. एवढ्या चढासाठी कर्जतला गाडीमागे ढकलणारी बँकर इंजिनं जोडावी लागतात. सायकलवाल्याला मात्र हा चढ सोपा वाटतो, कारण आपल्या डांबरी घाटांतली वळणं याच्या दुप्पट-तिप्पट चढाची असतात. इंजिनाला जमावं म्हणून इंजिनियरांनी डोंगर कापले, दऱ्यांवर पूल टाकले, भराव घातले, बोगदे खणले. ती सगळी मेहनत शंभर वर्षांनी पंधरा-वीस किलो सामान लादलेल्या सायकलच्या उपयोगी पडते. आणखी एक फायदा म्हणजे रेल्वेमार्ग गावांना जोडत जातो. ठरावीक अंतरावर गाव येतं आणि तिथे पाणी, जेवण, डॉक्टर मिळतो.

या लेखासाठी मी एकच वाट निवडली आहे : ग्रेट ॲलिगेनी पॅसेज. मेरीलँडमधल्या कम्बरलँडपासून पेनसिल्व्हेनियातल्या पिट्सबर्गपर्यंत १५० मैल, म्हणजे सुमारे २४० किलोमीटर. हिचा डोंगरातला भाग वेस्टर्न मेरीलँड रेल्वेचा. या कंपनीने १९१२ साली कम्बरलँड ते कॉनेल्सव्हिल असा मार्ग टाकला. खरं तर त्याच खोऱ्यात बाल्टिमोर अँड ओहायो रेल्वे आधीपासून धावत होती आणि नवा मार्ग तिच्याशी स्पर्धा करायलाच बांधला होता. पुढे १९७३मध्ये दोन्ही कंपन्या चेसी सिस्टिम या एकाच छत्राखाली आल्या. एका मालकाला एकाच खोऱ्यात दोन मार्ग कशाला हवेत? १९७५ साली वेस्टर्न मेरीलँडचा मार्ग सोडून देण्यात आला.

सोडलेल्या मार्गाचं पुढे काय होतं, हे नीट समजून घेण्यासारखं आहे. पुष्कळ ठिकाणी रेल्वेकडे जमिनीची मालकी नसते, फक्त वहिवाटीचा हक्क असतो. गाडी कायमची बंद झाली की तो हक्क संपतो आणि पट्टी शेजारच्या जमीनमालकांकडे परत जाते. एखाद्याने मधेच कुंपण घातलं, दुसऱ्याने घर बांधलं, पूल भंगारात गेला, की शंभर किलोमीटरच्या मार्गाचे तुकडे व्हायला वेळ लागत नाही. ते पुन्हा जोडायचे तर प्रत्येकाच्या दारात जावं लागतं. हे ओळखून अमेरिकेच्या काँग्रेसने १९६८च्या राष्ट्रीय पायवाटा कायद्यात १९८३ साली दुरुस्ती केली. रेल्वे कंपनी तयार असेल आणि एखादी संस्था किंवा सरकारी यंत्रणा कर आणि जबाबदारी उचलायला पुढे आली, तर तो मार्ग ‘सोडून दिला’ असं मानायचं नाही. रेल्वेला पुढेमागे गरज पडली तर तो परत घेता येईल, तोपर्यंत त्यावर वाट करायची. जमीनमालक याविरुद्ध न्यायालयात गेले. १९९० साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने कायदा वैध ठरवला आणि भरपाई मागण्याचा मालकांचा मार्गही खुला ठेवला. मला हा निकाल न्याय्य वाटतो. वाट टिकली आणि ज्याची जमीन गेली त्यालाही दाद मागता आली.

वेस्टर्न मेरीलँडचा मार्ग सोडला तेव्हा ही दुरुस्ती झालेली नव्हती. त्यामुळे ही वाट गावोगावच्या स्वयंसेवकांनी तुकड्या-तुकड्यांनी उभी केली. ओहायोपाइल इथला पहिला टप्पा १९८६ साली खुला झाला आणि पिट्सबर्ग शहरातला शेवटचा २०१३ साली. मधली सत्तावीस वर्षं पूल दुरुस्त करण्यात, बोगदे सावरण्यात आणि जमिनीच्या वाटाघाटींत गेली.

आता प्रत्यक्ष दोन दिवस आणि एका रात्रीचा बेत पाहू. कम्बरलँडहून निघायचं, रॉकवुडला मुक्काम करायचा आणि दुसऱ्या दिवशी त्याच वाटेने परतायचं. एका बाजूला ४४ मैल, म्हणजे ७० किलोमीटर. सामानासह ताशी १२ ते १५ किलोमीटर धरले, तर थांबे मिळून पूर्ण दिवस लागतो. म्हणून सकाळी लवकर निघा.

पहिले ३८ किलोमीटर सलग चढ आहे. कम्बरलँडपासून माथ्यापर्यंत वाट साडेपाचशे मीटरच्या आसपास चढते, पण कुठेही पावणेदोन टक्क्यांच्या वर जात नाही. धाप लागत नाही. मात्र चढ थांबतही नाही, त्यामुळे सुरुवातीला जोर करणारा दुपारी थकतो. हलका गिअर लावा आणि बोलता बोलता चालवता येईल तेवढाच वेग ठेवा. फ्रॉस्टबर्गपर्यंत शेजारी एक रूळ अजून जिवंत आहे. त्यावर पर्यटकांची गाडी चालते आणि ब्रश बोगद्यात सायकलवाट व रूळ एकत्र आहेत. गाडी येत असेल तर बाहेर थांबायचं, ती बाहेर पडल्यावर आत शिरायचं. फ्रॉस्टबर्गला पाणी भरून घ्या. पुढचं मोठं गाव, मायर्सडेल, तिथून २६ किलोमीटरवर आहे.

मायर्सडेलच्या आधी मेसन-डिक्सन रेषेची खूण लागते. सर्वेक्षकांनी १७६३ ते १७६७ या काळात आखलेली ही मेरीलँड-पेनसिल्व्हेनिया सीमा पुढे गुलामगिरीची राज्यं आणि मुक्त राज्यं यांच्यामधली रेघ ठरली. ती ओलांडली की थोड्याच अंतरावर बिग सॅव्हेज बोगदा येतो. लांबी ३,२९४ फूट, म्हणजे एक किलोमीटर. आत दिवे आहेत, तरी स्वतःचा दिवा लावा आणि जाकीट घाला, कारण भर उन्हाळ्यातही आतली हवा गार असते. हिवाळ्यात, साधारण डिसेंबरच्या मध्यापासून एप्रिलच्या सुरुवातीपर्यंत, याचे दरवाजे बंद असतात. झिरपणारं पाणी गोठलं की अस्तराला तडे जातात, ते टाळण्यासाठी ही काळजी. बेत आखताना ही तारीख आधी पाहा. वळसा घालायचा तर डोंगराळ रस्त्याने जावं लागतं.

बोगद्यापुढे २,३९२ फुटांवर पूर्व खंडीय जलविभाजक आहे. या रेषेच्या पूर्वेला पडलेलं पाणी पोटोमॅकमार्गे अटलांटिकला जातं. पश्चिमेचं कॅसलमन, यॉकिगेनी, मनॉन्गहेला, ओहायो आणि मिसिसिपी अशा नद्यांतून मेक्सिकोच्या आखाताला मिळतं. महाबळेश्वरच्या माथ्यावर सावित्री अरबी समुद्राची आणि कृष्णा बंगालच्या उपसागराची दिशा धरते, तसंच. जलविभाजकापासून उतार लागतो. मायर्सडेलचं १९१२चं स्टेशन जपून ठेवलं आहे. तिथे थोडं थांबा, मग सॅलिसबरी पूल गाठा. १,९०८ फूट लांब आणि शंभर फूट उंच. खालून कॅसलमन नदी, हमरस्ता आणि जुन्या बाल्टिमोर अँड ओहायोचे रूळ जातात. त्या रुळांवर मालगाड्या आजही धावतात. स्पर्धेतला एक मार्ग खाली चालू आणि दुसरा सायकलवाल्यांच्या चाकाखाली, हे या जागी दिसतं.

रॉकवुडला वाटेला लागून खासगी तळ आहेत. शनिवार-रविवारची जागा आधी आरक्षित करा. पोचल्यावर आधी तंबू लावा, जेवण नंतर. त्याहीआधी पाच मिनिटं सायकलला द्या. दिवसभराच्या वाटेने चेनवर चुनखडीची पांढरट भुकटी बसलेली असते. पेडल उलटं फिरवत कोरड्या फडक्यात चेन धरून पुसा, फडकं काळं येणं थांबेपर्यंत. मग एकेका कडीवर तेलाचा एकेक थेंब सोडा आणि जास्तीचं पुन्हा पुसून काढा. तेल ओलं राहिलं तर उद्या त्यावर दुप्पट भुकटी चिकटेल. टायरवरून बोट फिरवून खुपलेले खडे काढा. टायर ३२ मिलिमीटर किंवा त्याहून रुंद हवा. पाऊस झाला की ही वाट मऊ पडते आणि अरुंद टायर रुततो.

जेवणासाठी दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी न्या. दोन दिवस सहज टिकतात आणि चूल लागत नाही. गॅसचा डबा विमानातून नेता येत नाही, चहा हवाच असेल तर तो तिथेच घ्यावा लागतो. जळाऊ लाकूड लांबून आणू नका. त्यातून झाडं पोखरणारे किडे नव्या जंगलात पोचतात. या डोंगरांत काळी अस्वलं आहेत, म्हणून खाणं, टूथपेस्ट, साबण यांपैकी काहीही तंबूत ठेवू नका. तळावर बंद पेटी असेल तर तिच्यात ठेवा, नसेल तर पिशवी झाडावर उंच टांगा. झोपण्याआधी गुडघ्यामागे, कमरेला आणि केसांत गोचिडी आहेत का पाहा. इथल्या गोचिडीपासून लाइम रोग होतो. आणि कानात घालायला बोळे न्या, कारण नदीच्या खोऱ्यातून रात्रभर मालगाड्यांचे भोंगे येतात.

दुसऱ्या दिवशी माथ्यापर्यंत ३२ किलोमीटरमध्ये दोनशे मीटरसुद्धा चढ नाही. त्यानंतर कम्बरलँडपर्यंत सलग उतार. या दिवसाचा धोका वेगाचा आहे. चालणारे, लहान मुलं आणि समोरून चढत येणारे सायकलवाले याच वाटेवर असतात. मागून जाताना घंटा वाजवा, डावीकडून पुढे जा आणि चढणाऱ्याला वाट द्या.

मुलांकडे राहायला अमेरिकेत जाणाऱ्या वाचकांना माझं खास सांगणं आहे. वॉशिंग्टन, बाल्टिमोर, पिट्सबर्ग या भागांत आपली कितीतरी मराठी घरं आहेत आणि तिथून ही वाट काही तासांवर आहे. साठीनंतरही हा प्रवास जमतो. ७० किलोमीटर जास्त वाटले तर ओहायोपाइल ते कॉन्फ्लुअन्स हा पहिल्या टप्प्याचा भाग घ्या. यॉकिगेनीच्या काठाने जेमतेम १७-१८ किलोमीटर, जवळपास सपाट, आणि कॉन्फ्लुअन्सला धरणाखाली मुक्कामाची सोय. आणि इथे महाराष्ट्रात राहणाऱ्यांनी एक गोष्ट मनात ठेवावी. आपल्याकडेही गेज बदलताना किंवा नवा मार्ग टाकताना जुना मार्ग कुठे ना कुठे सुटतो. तुमच्या तालुक्यात असा मार्ग असेल तर तो सलग आहे तोवरच ग्रामपंचायतीत, जिल्हा परिषदेत त्याचा विषय काढा. एकदा तुकडे पडले की जोडायला पिढी जाते.

पुढील आठवड्यात : कम्बरलँडहून वॉशिंग्टनपर्यंत, कालव्याच्या काठाने १८४ मैल आणि मुक्कामाचे मोफत तळ.