फॉर्मचंही कॅलिब्रेशन लागतं!

लॅबमध्ये नवा व्होल्टमीटर आला की आपण आधी तो खात्रीच्या मीटरशी ताडून पाहतो, मगच रीडिंग लिहितो. मानसिक आरोग्याच्या प्रश्नावलीचंही तसंच आहे. २००१ साली प्रसिद्ध झालेली, नैराश्य हेरणारी 'पीएचक्यू-९' घ्या. गेल्या दोन आठवड्यांबद्दल नऊ प्रश्न, प्रत्येकाला ० ते ३ गुण. बेरीज १० किंवा जास्त आली तर पुढची तपासणी करावी, असा संकेत.

पण अमेरिकेतला १० नांदेड-लातूरच्या होस्टेलमध्ये १० च राहील का? आपल्याकडे 'मी खिन्न आहे' असं कोण म्हणतं? 'टेन्शन आलंय', 'कशातच मन लागेना', हेच कानावर येतं. शिवाय सबमिशनच्या आठवड्यात झोपेबद्दल विचारलं तर अख्खं होस्टेल आजारी ठरेल!

म्हणून आधी मराठी भाषांतर करायचं. मग दुसऱ्या कुणाकडून त्याचं परत इंग्रजी करून घ्यायचं आणि अर्थ तोच राहिला का ते बघायचं. नंतर काही विद्यार्थ्यांनी फॉर्म भरायचा, आणि गुण न बघता तज्ज्ञाने त्यांची मुलाखत घ्यायची. दोन्ही निकाल जुळवून रेघ कुठे मारायची ते ठरतं. गोव्यात डॉ. विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी अशा पाच प्रश्नावल्या मुलाखतींशी ताडून पाहिल्या. तो अभ्यास २००८ साली छापून आला. पण ते प्राथमिक आरोग्यसेवेत आलेले रुग्ण होते. विद्यार्थ्यांसाठी वेगळी पडताळणी हवीच.

आता थोडं गणित. २००१ च्या अभ्यासात १० च्या रेघेवर आजारी असलेल्यांपैकी ८८ टक्के सापडले, आणि नसलेल्यांपैकी ८८ टक्के बरोबर वगळले गेले. समजा, आपल्या ५०० जणांत ५० जणांना नैराश्य आहे. फॉर्म ४४ जणांना ओळखेल, ६ सुटतील. उरलेल्या ४५० पैकी ५४ जण उगीचच यादीत येतील. म्हणजे ९८ नावांत खरे ४४! तेव्हा फॉर्मवरून कुणाला 'डिप्रेशनवाला' ठरवू नका; पुढे मुलाखत हवीच.

फॉर्म रेक्टरच्या टेबलावर जाणार हे कळलं, तर सगळे शून्यच लिहितील. म्हणून गुप्तता आधी. आणि नववा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा आहे. बेरीज कितीही कमी असो, तिथे शून्य नसेल तर त्याच दिवशी त्या विद्यार्थ्याशी बोलायलाच हवं. केंद्र सरकारची 'टेली-मानस' ही मोफत हेल्पलाइन २०२२ पासून सुरू आहे, नंबर १४४१६.

राहिले ते सुटलेले सहा. ते कोणत्याही फॉर्मला नाही, रूम पार्टनरलाच दिसतात. तेव्हा शेजारच्या कॉटकडे जरा लक्ष असू द्या!