परसातले झाड कलले तर

परसातले झाड कलले, की घरात दोन पक्ष पडतात. म्हातारी माणसे म्हणतात, टेकू द्या, लेकरासारखे वाढवले आहे. तरणी म्हणतात, तोडून टाका, उद्या छपरावर आले म्हणजे काय करायचे? दोघांचेही खरे असते. पण दोन्ही पक्ष मान वर करून भांडतात, आणि निकाल मात्र जमिनीत लागलेला असतो. तेव्हा श्रोतेहो, आज आपण शेंड्याकडे न पाहता थोडा वेळ बुंध्याशी बसू या.

उदाहरण नवी मुंबईचे घेतो. शहराचे नाव ऐकून खेड्यातल्या श्रोत्यांनी कान बंद करू नयेत, बरं का! सिडको स्थापन झाली १७ मार्च १९७० रोजी. त्याच्या कितीतरी आधीपासून दिवाळे, करावे, सारसोळे, घणसोली ही आगरी-कोळ्यांची गावे खाडीकाठी नांदत होती. भोवती भातखाचरे, मिठागरे आणि खाजणे. पुढे त्यातल्या बऱ्याच सखल जमिनीवर मुरूम-मातीचा भराव पडला आणि वसाहती उठल्या. आजही गावठाणातल्या घरामागे आंबा, शेवगा, नारळ दिसतो. सिडकोच्या बैठ्या घरामागे हातभर जागेत कुणी जांभूळ लावलेले असते, कुणी गुलमोहर.

आता या भरावात मुळाचे काय होते ते पाहा. वर दोन-चार हात मुरूम, त्याखाली खाडीचा काळा चिखल. चिखलात खारे पाणी भरपूर, हवा मात्र नाही. मुळालाही श्वास घ्यावा लागतो. ते खाली जाईना, म्हणजे आडवे पसरते. वर तीस फुटांचा डोलारा आणि खाली ताटासारखी चपटी बैठक! पारसिकच्या डोंगरउतारावर कारण वेगळे, पण परिणाम तोच. तिथे मातीचा थर पातळ आणि खाली खडक.

शिक्षक बंधुभगिनींना इथे एक विनंती आहे. झाड जितके वर तितकेच खाली, असे चित्र आपण फळ्यावर काढतो. ते पुसून टाकावे. बहुतेक मोठ्या झाडांची बरीचशी मुळे वरच्या दोन-तीन फुटांतच असतात, आणि पसरतात मात्र फांद्यांच्या सावलीच्याही पलीकडे. हे एकदा मुलांच्या ध्यानात आले, म्हणजे गटाराचा चर खणताना किंवा घराची खोली वाढवताना आपण नेमके काय तोडतो ते त्यांना सांगावे लागणार नाही. मुळे तोडली त्या वर्षी झाड पडेलच असे नाही. पाने हिरवी राहतात, मोहोरही येतो. मग दोन-चार पावसाळ्यांनी एखाद्या रात्री भिजलेल्या मातीतून सगळी बैठक उचलली जाते आणि लोक म्हणतात, चांगले झाड अचानक पडले हो!

कलणेही दोन तऱ्हांचे. उजेडाच्या ओढीने लहानपणापासून वाकलेल्या झाडाचा शेंडा पुढे पुन्हा सरळ वर वळलेला असतो, खोडाला धनुष्यासारखा बाक असतो. अशा झाडाने आपला तोल आपणच सांभाळलेला असतो; त्याला उगाच भिऊ नये. पण खोड सरळसोट आणि सगळेच्या सगळे एका अंगाला झुकलेले, हे लक्षण वाईट. लगेच कलाच्या उलट बाजूला जा. तिथे माती फुगली आहे का? भेगा पडल्या आहेत का? पडल्या असतील, तर त्या बाजूची मुळे सुटू लागली आहेत असे समजावे.

डोळ्यांवर भरवसा नसेल, तर गवंड्याचा ओळंबा आणा. छातीच्या उंचीच्या बरीच वर, खोडाला एक खूण करा. तिथून ओळंबा सोडा आणि तो जमिनीवर जिथे टेकतो तिथे खुंटी ठोका. मृगाच्या आधी एकदा आणि जोराच्या प्रत्येक पावसानंतर एकदा मोजा. खूण सरकत असेल, तर झाड चालू लागले आहे! शाळेच्या आवारातल्या झाडांसाठी हा उद्योग पाचवी-सहावीच्या मुलांकडून जरूर करून घ्यावा. वारा सुटला असेल तेव्हा मात्र नव्हे.

बुंध्याशी टणक, ताटलीसारखी अळंबी उगवली असेल, तर आत कूज आहे. लाकडी हातोडीने खोड ठोकून पाहा. भरीव आवाज आणि पोकळ आवाज यांतला फरक मडके पारखणाऱ्या बाईला सांगायला नको. ढोली असली म्हणून झाड गेले असे नाही. सभोवारच्या निरोगी लाकडाची जाडी खोडाच्या त्रिज्येच्या साधारण एक-तृतीयांश असावी, असा वृक्षतज्ज्ञांचा ढोबळ ठोकताळा आहे. दोन फूट व्यासाच्या खोडात चारेक इंच. त्याहून कमी असेल, तर जाणकाराला बोलवा.

आता टेकू. मनगटाएवढे रोप वाऱ्याने लवंडले, तर दोन-चार दिवसांतच उभे करावे. मुळांशी पाणी घालून माती मऊ करा, सावकाश उचला, माती दाबा आणि तीन दिशांना तीन ताण द्या. खोडाभोवती उघडी तार कधीही आवळू नका. पानांत तयार झालेले अन्न सालीतून खाली उतरते. साल कापली गेली, की मुळे उपाशी मरतात. सायकलच्या जुन्या ट्यूबची रुंद पट्टी घ्या, आणि ती उंचीच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास, सैलसर बांधा. रोप थोडे हलले पाहिजे. वाऱ्याने हलते तेव्हाच ते बुंध्यात जाड होते आणि मुळे घट्ट रोवते.

मोठ्या झाडाची गोष्ट निराळी. आंब्याची आडवी फांदी फळांनी लवली, तर बेळक्याचा खांब द्यावा, खाली दगड ठेवावा म्हणजे तो रुतणार नाही. पण तो खांब फांदीचे वजन पेलतो, सुटलेल्या मुळाची पकड परत आणत नाही. आणि वारा काही एकाच बाजूने येण्याचा करार करीत नाही.

याचा दाखला दूरच्या ॲमस्टरडॅम शहरात मिळतो. ॲन फ्रँक ही ज्यू मुलगी १९४२ ते १९४४ या काळात लपून राहिली, तेव्हा मागच्या परसातले एक चेस्टनटचे झाड तिला खिडकीतून दिसे. पुढे त्याला बुरशी लागली. २००७ साली ते तोडायचे ठरले, लोक कोर्टात गेले, तोड थांबली, आणि २००८ साली त्याला लोखंडी सांगाड्याचा आधार दिला गेला. २३ ऑगस्ट २०१० रोजी वादळात ते जमिनीपासून सुमारे मीटरभर उंचीवर मोडले, सांगाड्यासकट. सुदैवाने कुणाला इजा झाली नाही.

चेंबूरला तसे सुदैव नव्हते. जुलै २०१७ मध्ये सकाळी रस्त्याने जाणाऱ्या एका बाईंवर नारळाचे झाड पडले आणि त्या दगावल्या. ते झाड काढण्याची परवानगी रहिवाशांकडून आधी मागितली गेली होती, ती मिळालेली नव्हती. नारळ नुसता वाकला म्हणून धोक्याचा ठरत नाही, पण खोडात सोंड्या भुंग्याची भोके, भुसा किंवा तांबूस चीक दिसला, तर त्याला टेकूचा काही उपयोग नाही.

तोडणे आणि टेकू यांच्या मधे एक वाट आहे, ती लोक विसरतात. मुळे शाबूत आणि माथा जड असेल, तर टोकाकडच्या फांद्या हलक्या कराव्या म्हणजे वाऱ्याचा रेटा कमी होतो. मुंडन मात्र करू नये. मुंडन केलेल्या झाडाला झुडपासारखे कमजोर फुटवे येतात आणि तेच पुढे घरावर पडतात.

हे सारे पाहून झाल्यावर शेवटचा प्रश्न: झाड पडलेच, तर कुठे पडेल? मोकळ्या वाडीत पडणार असेल, तर आणखी एक पावसाळा वाट पाहायला हरकत नाही. खाली पत्र्याचे छप्पर आणि त्याखाली मुलांची अंथरुणे असतील, मुळेही सुटली असतील, तर मन घट्ट करून ते काढावे. माझे मत इथे स्पष्ट आहे, मग झाड आजीने लावलेले का असेना.

पण कोयता उचलण्याआधी परवानगी. शहरी भागात १९७५ चा झाडे संरक्षण कायदा लागू आहे. नवी मुंबईत अर्ज महापालिकेच्या वृक्ष अधिकाऱ्याकडे करायचा. २०२१ च्या दुरुस्तीने पन्नास वर्षांच्या आणि त्याहून जुन्या झाडांना विशेष संरक्षण आले आहे. खेड्यात काही जातींना १९६४ चा वृक्षतोड कायदा लागतो, तेव्हा आधी वनखात्याच्या कचेरीत विचारून घ्या. अर्जासोबत भेगांचे, अळंबीचे फोटो आणि ओळंब्याच्या तारीखवार नोंदी जोडा. आणि हे उन्हाळ्यातच करा; आभाळ भरून आल्यावर अर्ज लिहायला बसू नये.

नवे रोप जुन्या खड्ड्यात लावू नका. तिथली मुळे कुजून जमीन काही वर्षे खचत राहते. भिंतीपासून दूर, लहान रोप घ्या. पिशवीत गुंडाळी झालेली मुळे सोडवून पसरा. बुंध्याभोवती फरशी न घालता आळे ठेवा. शेजारी काठी रोवलीत, तर ती पुढच्या पावसाळ्याआधी काढायची आठवण भिंतीवरच्या कॅलेंडरात आजच लिहून ठेवा.