मृगातला गुलाबी ढग मोबाइलमध्ये टिपताना

जानेवारीत रात्री आठ-नऊच्या सुमारास गच्चीवर जा आणि मृग नक्षत्र शोधा. मृगाच्या पोटात घुसलेला बाण म्हणजे एका रेषेतले तीन ठळक तारे. त्यांच्या जरा दक्षिणेला फिकट ताऱ्यांची आणखी एक छोटी ओळ आहे. तिच्या मधला ‘तारा’ धुरकट दिसतो, कारण तो तारा नाहीच! तो आहे मृगातला तेजोमेघ, सुमारे १,३५० प्रकाशवर्षं दूरचा वायू आणि धुळीचा प्रचंड ढग. तिथे आजही नवे तारे जन्माला येत आहेत.

दुर्बिणीतून पाहिल्यावर मात्र बहुतेकांचा हिरमोड होतो. फोटोत गुलाबी दिसणारा ढग डोळ्यांना नुसता करडा दिसतो. फोटोतला रंग खोटा असतो का? नाही. ढगाच्या गाभ्यात ‘ट्रॅपेझियम’ हा अगदी तरुण तारकागुच्छ आहे. त्यातल्या तप्त ताऱ्यांच्या अतिनील किरणांमुळे भोवतीचा हायड्रोजन लाल प्रकाश देतो. अंधुक उजेडात आपल्या डोळ्यांना रंग कळत नाहीत, एवढंच. कॅमेरा तोच प्रकाश थेंबाथेंबाने साठवतो.

ही किमया पहिल्यांदा साधली हेन्री ड्रेपर या अमेरिकन डॉक्टरांनी. ३० सप्टेंबर १८८० रोजी त्यांनी तब्बल ५१ मिनिटं प्रकाश साठवून याच ढगाचा फोटो घेतला. कोणत्याही तेजोमेघाचा तो पहिला फोटो. १८८३ मध्ये लंडनजवळ अँड्र्यू कॉमन यांनी घेतलेल्या फोटोत तर दुर्बिणीतून डोळ्यांना न दिसलेले तारेही उमटले.

तुमच्याकडे नाइट मोड असलेला मोबाइल असेल तर सुरुवात करायला तेवढं पुरे. पण तो हातात धरू नका. ट्रायपॉड नसेल तर विटेला टेकवा आणि तीन सेकंदांचा टायमर लावा, कारण बटण दाबतानाही फोन हलतो. शहराच्या दिव्यांपासून जितकं लांब जाल तितकं चांगलं. कॅमेरा आणि ५० मिमीची लेन्स असेल, तर आठ-दहा सेकंदांपेक्षा जास्त थांबू नका. पृथ्वी फिरते, त्यामुळे ताऱ्यांच्या रेघा होतात. त्याऐवजी असे पन्नास-साठ फोटो काढून ते अॅपमध्ये एकावर एक रचा.

एक अडचण मात्र अनुभवी मंडळींनाही छळते. कडेचे फिकट पदर दिसावेत म्हणून जास्त वेळ प्रकाश घेतला, की गाभा पांढराफटक होतो आणि ट्रॅपेझियमचे चारही तारे त्यात बुडून जातात. म्हणून दुर्बिणीला कॅमेरा जोडणारे मुद्दाम एक-दोन सेकंदांचेही काही फोटो काढतात आणि गाभा तेवढा त्यातून घेतात.